रात्रीची पॅसेंजर

मुंबईहून रात्री सुटणारी फास्ट पॅसेंजर बोरघाट चढून उत्तररात्री पिंपरी-चिंचवडमधून जाई. एकाच गाडीला दोन दिशांचे डबे असत. शिर्डीचे डबे दौंडला सुटत. उरलेली गाडी कुर्डुवाडीकडे निघे. तिथून काही वारी पंढरपूर, काही वारी विजापूर. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली. दादरहून पंढरपूरला आज गाडी आहे. तिला एक्सप्रेस म्हणतात आणि तिकीटही एक्सप्रेसचं लागतं.

मुंबई-कोल्हापूर सह्याद्री एक्सप्रेस त्याच महिन्यात थांबली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती परत आली, पण पुणे ते कोल्हापूर एवढीच. चिंचवडहून रात्री कऱ्हाड, सांगली, मिरजेकडे निघालेला माणूस आता आधी पुणे स्टेशन गाठतो, नाहीतर वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर जातो.

भुसावळची हुतात्मा एक्सप्रेस पनवेल, कल्याण, नाशिक करत जायची तेव्हा चिंचवडला थांबायची. निगडी, चिखली, भोसरीत खानदेशातली माणसं मोठ्या संख्येने आहेत. गाडी आता अमरावतीपर्यंत जाते. पण दौंड-मनमाडच्या वाटेने.

महामारीनंतर पॅसेंजर गाड्या पुन्हा सुटू लागल्या तेव्हा त्यांच्या नंबरापुढे शून्य लागलं होतं. किमान भाडं १० रुपयांचं ३० झालं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते परत १० वर आलं. मधल्या काळात ज्यांनी दुसरी सोय शोधली ते परतले की नाही, याची नोंद कुठल्याच खिडकीवर होत नाही.

सेकंड शिफ्ट सुटली की थेट स्टेशन गाठायची रीत होती. पिशवी घरून निघतानाच सायकलच्या कॅरिअरला बांधलेली असे. गेटवर वॉचमन ती उघडून पाही. दोन कपडे, बिस्किटांचे पुडे, बायकोसाठी पातळ. तळाशी कारखान्याचा पाना नाही एवढं बघून तो जाऊ देई. सायकल दोस्ताच्या ताब्यात जाई. एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळे गर्दी बुधवारी रात्री असे. शनिवार-रविवारची गर्दी नंतर आयटीवाल्यांबरोबर आली.

शिफ्टचे भोंगे गेले. हजेरी बोटाच्या ठशावर लागते, अलीकडे चेहऱ्यावर.

तिकीट पुठ्ठ्याचं असे. सव्वादोन इंच लांब, जेमतेम सव्वा इंच रुंद. खिडकीतला बाबू कप्प्याकप्प्यांच्या लाकडी कपाटातून ते खालून ओढून काढी आणि लोखंडी यंत्राच्या खाचेत सारी. खट आवाज होई, कडेला तारीख उठे. शाई पुसट असली तरी तारीख बोटाला लागे. उतरल्यावर ते फाटकावर परत द्यावं लागे. कंपनीकडे प्रवासभत्त्याचा क्लेम करायचा असेल तर त्याआधी नंबर उतरवून घ्यावा लागे. पेन नसलेला माणूस नंबर पुटपुटत बाहेर पडे आणि पहिल्या टपरीवर पेन मागे. क्लेमच्या फॉर्मवर एक आकडा चुकला तर अकाउंट्सचा माणूस फॉर्म परत करी.

आता मेसेज येतो. जागा मिळाली नाही तरी येतो.

आरक्षण हाताने लिहिलं जाई. प्रत्येक गाडीचं जाड रजिस्टर, प्रत्येक तारखेचं वेगळं पान. दिवाळीच्या गाड्यांना आदल्या रात्रीपासून रांग लागे. रांगेत माणसांच्या जागी पिशव्या, चपला, विटा ठेवलेल्या असत. नावांची यादी वहीच्या फाडलेल्या पानावर रांगेतल्याच कुणीतरी केलेली असे. तिला कसलाही अधिकार नव्हता आणि सगळे ती मानत. रात्री दोनला तिची हजेरी होई. जो हजर नसेल त्याचं नाव खोडलं जाई. सकाळी खिडकी उघडे तेव्हा भांडण आधीच मिटलेलं असे.

आता खिडकी आणि मोबाइल दोन्ही सकाळी आठलाच उघडतात. दिवाळीच्या आठवड्याचं तिकीट काही मिनिटांत वेटिंगवर जातं. आपल्या पुढे कोण उभा होता हे कळत नाही. चार महिने आधी तिकीट काढता येई. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत दोन महिन्यांची झाली.

डब्याच्या दाराशेजारी आरक्षणाचा तक्ता चिकटवत. नाव, वय, स्त्री की पुरुष, बर्थ. माणसं त्यावर बोट फिरवून आपलं नाव शोधत, मग शेजारच्यांची वाचत. आडनावावरून गाव ताडलं जाई, वयांवरून कुटुंब. समोर कोण बसणार हे डब्यात चढण्याआधीच ठाऊक होई. पावसात कागद फुगे आणि खालच्या बर्थांची नावं आधी जात. १ मार्च २०१८ पासून मोठ्या स्टेशनांवर तक्ते चिकटवणं थांबवलं. टीसीच्या हातात कागदांची चळत होती, तिथे आता टॅब्लेट आहे. कोणता बर्थ रिकामा आहे हे तो सांगतो, तेव्हा त्याच्या खांद्यावरून डोकावून काही दिसत नाही.

फलाटावर काळा फळा असे. उशिरा धावणाऱ्या गाड्या त्यावर खडूने लिहीत. उशीर वाढला की तासांचा आकडा तळहाताने पुसून नवा लिहीत. जुना आकडा खाली दिसत राही.

वजनाचं यंत्र गेलं. नाणं टाकलं की दिव्यांची चक्रं फिरत आणि पुठ्ठ्याचं कार्ड खाली पडे. एका बाजूला नटीचं चित्र, दुसऱ्या बाजूला वजन आणि भविष्य. गावाकडे मुलांमध्ये त्या कार्डांची देवघेव चाले.

व्हीलरच्या स्टॉलवर चांदोबा मिळे, किर्लोस्कर मिळे, रहस्यकथा मिळत. चांदोबा बंद झाला. स्टॉलवर आता चार्जर, इअरफोन, पाण्याच्या बाटल्या असतात. पुस्तकं वरच्या फळीवर, प्लॅस्टिकमध्ये.

हमालाच्या दंडावर पितळी बिल्ला असे. बॅगांना चाकं आली.

ट्रंक गेली. तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. आयटीआय करून अप्रेंटिसला आलेल्या मुलाची ट्रंक खोलीत कपाट असे. अभ्यासाला टेबल होई, पाहुणा आला की बाक. लग्नानंतर ती पलंगाखाली जाई. वळकटी गेली. तिच्या कातडी पट्ट्यांत छत्री खोचलेली असे. फिरकीचा तांब्या गेला. मोठं स्टेशन आलं की पाणी भरायला एक जण उतरे, गाडी हले तशी घरच्यांची दाराशी हाकाहाक सुरू होई. नळ अजून आहेत. त्यांच्यापाशी पळणारं कुणी नसतं.

परतीच्या गाडीत दशम्या असत. दुधात मळलेल्या पिठाच्या, म्हणून दोन दिवस टिकत. सोलापूरकडच्यांकडे शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी. विदर्भातल्यांकडे तिळाची चटणी. फडकं बर्थवर पसरलं की समोरच्याला विचारणं भाग असे. तो आधी नको म्हणे. मग घेई. आता डबा फोनवरून मागवता येतो, पुढच्या स्टेशनवर तो आणणारा बर्थ क्रमांकाने हाक मारत येतो.

तिसरा वर्ग १९७४ मध्ये कागदावरून गेला. लाकडी बाक राहिले. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या बर्थना दोन इंचाचा फोम लागायला सुरुवात झाली.

पंखे जाळीत असत आणि बटण दाबून फिरत नसत. वरच्या बर्थवरचा माणूस जाळीतून कंगवा घाली आणि पातं ढकली. एकदा गती घेतली की पंखा सकाळपर्यंत चाले. कंगवा नसेल तर पेन.

खिडकीच्या गजांना हात धरून निरोप देत. गाडी हलल्यावर हात सुटेपर्यंत चालत, मग थोडं पळत. मुंबई-सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ पासून या पट्ट्यातून धावते. तिच्या काचा उघडत नाहीत. ती चिंचवडला थांबतही नाही.

चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यातून जुन्या बांधणीचा शेवटचा डबा २०१८ च्या जानेवारीत बाहेर पडला. जुन्या स्लीपर डब्यात ७२ बर्थ असत, नव्यात ८०. नवा डबा लांब आहे. तो कमी डोलतो. जुन्यात रुळांच्या सांध्यांचा ठेका असे, त्यावर मुलं झोपत. रूळ जोडून सलग केल्यावर ठेका जुन्या डब्यांतूनही गेला होता.

स्टेशनवर गाडी उभी असताना शौचालय वापरू नये, अशी पाटी असे. जैव शौचालयं आली आणि पाटीचं काम संपलं.

पुण्याला इंजिन बदले. मुंबईकडची लाइन १५०० व्होल्ट डीसीवर, पुढे दौंडकडे डिझेल. इंजिन लागताना गाडीला हिसका बसे. गावाहून येणाऱ्या आणि चिंचवडला उतरणाऱ्या माणसाला तो उठायचा इशारा असे. त्यानंतर चपला शोधायच्या, चादर घडी करायची, पोरांना जागं करायचं. खडकी जाईपर्यंत सामान दाराशी आलेलं असे. डीसी लाइन एसी झाली, दौंडपर्यंत तारा आल्या. गाड्या त्याच इंजिनावर पुढे जातात. माणसं फोनवर गजर लावून झोपतात.

मनमाडकडे जाणाऱ्या गाड्या दौंडला उलट्या होत. पुढचं इंजिन सुटे, बाजूच्या रुळावरून मागे जाई आणि शेपटाला लागे. त्यात अर्धा तास सहज जाई. चहावाले खिडक्यांशी गोळा होत. हातोडीने चाकं ठोकत एक माणूस गाडीच्या लांबीभर चालत जाई, आवाजावरून चाक ओळखे आणि काही न बोलता पुढच्या चाकाकडे वळे. मग गाडी ज्या बाजूने आली त्याच बाजूला तोंड करून निघे. पहिल्यांदा जाणारा घाबरे. गाडी पुण्याला परत चालली असं त्याला वाटे. डब्यातलं कुणीतरी त्याला समजावून सांगे, आणि सांगणारा स्वतः कधीतरी असाच घाबरलेला असे. वाऱ्याकडे तोंड करून बसलेले पाठमोरे होत. पुढचा जनरल डबा मागचा होई. सकाळी भुसावळला केळी घ्यायला नेमकं कुठल्या बाजूला उतरायचं, यावर डब्यात बोलणं होई.

दौंडच्या बाहेरून कॉर्ड लाइन टाकली. तिच्यावर ‘दौंड कॉर्ड लाइन’ नावाचंच स्टेशन आहे. बऱ्याच गाड्या आता तोंड न बदलता तिथून मनमाडकडे वळतात. वेळ वाचतो. दौंडच्या माणसाला ते स्टेशन आडबाजूला पडतं.

कुर्डुवाडीला छोटी लाइन होती. रुळांमधलं अंतर अडीच फूट. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, पुढे लातूर, पंढरपूर आणि मिरजेपर्यंत गेली. पॅसेंजरमधून उतरलेली माणसं सामान डोक्यावर घेऊन छोट्या गाडीकडे जात. चढावर ती इतकी हळू चाले की पोरं उतरून चालत, असं सगळेच सांगतात. लाइन टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली आणि कुर्डुवाडीला गाडी बदलायची गरज उरली नाही. एप्रिल २०१६ मध्ये याच रस्त्याने मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली.

टपालाचा डबा असे. त्याच्या बाजूला पत्र टाकायची फट होती. जादा तिकीट लावलं की शेवटच्या क्षणी आलेलं पत्रही त्याच गाडीने जाई. माणूस गाडीला पत्र देऊन घरी परते आणि पत्र गावी पोहोचे.

पोहोचल्याचं पत्र टाकण्याची पद्धत गेली. पोस्टकार्ड निघतानाच पत्ता लिहून खिशात ठेवलेलं असे. मजकूर एका ओळीचा, सुखरूप पोहोचलो. काही जण तीही ओळ घरीच लिहून घेत. तातडीचं असेल तर तार. तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारेची भीती त्याआधीच गेली होती.

गाडीवर टांगायच्या लोखंडी पाट्या होत्या. सुटण्याचं आणि पोहोचण्याचं गाव, तीन भाषांत. आता दिव्यांची अक्षरं सरकतात. गावांची, स्टेशनांची नावंही बदलली. व्हीटीचं १९९६ मध्ये सीएसटी झालं, २०१७ मध्ये सीएसएमटी. विजापूरचं विजयपुरा, उस्मानाबादचं धाराशिव, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, अहमदनगरचं अहिल्यानगर. म्हातारी माणसं व्हीटीच म्हणतात.

म्हाताऱ्यांना सवलत होती. साठीच्या पुरुषांना ४० टक्के, अठ्ठावन्नच्या बायकांना ५० टक्के. मार्च २०२० मध्ये ती काढली, परत आली नाही. निगडीच्या वन बीएचकेत मुलाकडे महिना काढायला येणारे आईवडील या सवलतीवर येत. वयाचा दाखला पिशवीच्या आतल्या कप्प्यात असे. टीसीने मागण्याआधीच ते काढून दाखवत.

गार्डला जानेवारी २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. त्याची काळी लोखंडी पेटी हमाल उचलून चढवत. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव असे, ट्रंकेवर असे तसंच.

आकुर्डीत तयार झालेली स्कूटर गावी रेल्वेनेच जाई. पुण्याच्या पार्सल ऑफिसात पेट्रोल काढून टाकावं लागे. टाकी कोरडी आहे हे बाबू झाकण उघडून पाही. मग पॅकिंगवाला हँडलपासून मडगार्डपर्यंत पेंढा बांधी, वर गोणपाट शिवी, गोणपाटावर काळ्या रंगाने पत्ता रंगवी. आरसे वेगळे काढून मालक स्वतःजवळ ठेवी. स्कूटर ब्रेकव्हॅनमध्ये, मालक जनरलमध्ये. मोठ्या स्टेशनवर तो मागे पळत जाऊन ती आहे ना ते बघून येई. बजाजच्या आकुर्डी कारखान्यातलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. चाकणचा कारखाना १९९९ पासून आहे. आता मोटारसायकल गावातच हप्त्यावर मिळते.

पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली, एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली. तेव्हापासून आलेली पहिली पिढी निवृत्त झाली. व्हीआरएस घेऊन काही जण गावी गेले. त्यांचं सामान ट्रकने गेलं. बऱ्याच जणांनी इथेच प्लॉट घेतले होते, त्यांच्या नातवंडांना आता गावी जायला कारण लागतं.

२२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूनंतर देशभर प्रवासी गाड्या थांबल्या. मे महिन्यात श्रमिक विशेष गाड्या सुटल्या. चाकण, भोसरी, तळवड्याच्या खोल्यांतून निघालेली माणसं त्यात होती. त्या गाड्या वेळापत्रकात नव्हत्या. वेळापत्रकाचं छापील पुस्तकही तेव्हापासून स्टॉलवर दिसेनासं झालं.

चाकणला रेल्वे नाही. जवळची स्टेशनं तळेगाव आणि चिंचवड. पुणे-नाशिक रेल्वेच्या आराखड्यात चाकणचं नाव बरीच वर्षं आहे. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीचा प्रकल्प आहे. त्याच्यामुळे आखलेला मार्ग अडला.

रात्री आठनंतर चाकणच्या चौकांत ट्रॅव्हल्स लागतात. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली, यवतमाळ, बुलढाणा. पाटी काचेला आतून लावलेली असते. आत बर्थ आहे, पडदा आहे, चार्जिंगला पिन आहे. संडास नाही. गाडी कुठल्या ढाब्यावर थांबणार हे ड्रायव्हर ठरवतो. डब्यातून डब्यात फिरता येत नाही, त्यामुळे गावचं कुणी गाडीत आहे का ते उतरल्यावर कळतं. बुधवारी रात्रीचं भाडं वेगळं, दिवाळीचं वेगळं. दिवाळीत ते दुप्पट-तिप्पट होतं, आणि पावती मागितली तर आधी हसतात.

पर्मनंट कामगाराची सुट्टी महिनाभर आधी मंजूर होई, तिकीट त्यावर बेतलेलं असे. चाकणमध्ये आज बरेच जण कंत्राटी आहेत. त्यांची सुट्टी कंत्राटाला ब्रेक लागला की एकदम येते, आणि ब्रेक किती दिवसांचा हे सुपरवायझर फोनवर कळवतो. तोपर्यंत परतीचं तिकीट काढता येत नाही.